किरणोत्सव : करवीरनिवासिनीच्या चरणी मावळता सूर्य

पंचगंगेच्या तीरावरील करवीर नगरी महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ म्हणून सर्वश्रुत आहे. तुळजापूरची श्री भवानी, माहूरची श्री रेणुका आणि करवीरची श्री महालक्ष्मी ही तीन पूर्ण पीठे, तर वणीची श्री सप्तशृंगी हे अर्धे पीठ, अशी परंपरेची गणना आहे. कोल्हापूरकर आपल्या या कुलस्वामिनीला प्रेमाने ‘अंबाबाई’ म्हणतात. दूरदूरहून येणारे लक्षावधी भाविक तिच्या चरणी मस्तक ठेवतात, खणानारळाने ओटी भरतात आणि कृतार्थ भावनेने परततात. परंतु रांगेतून गाभाऱ्यासमोर पोहोचल्यावर दर्शनाला मिळणारे क्षण फार थोडे असतात. त्या क्षणांत डोळ्यांत साठते ते मुख्यतः देवीचे प्रसन्न मुख, तिचे अलंकार आणि महावस्त्र. मूळ मूर्ती कशी आहे, ती कोणत्या दिशेस पाहते आणि का, मंदिराची मांडणी अशीच का, हे प्रश्न मनात येईपर्यंत आपण प्रदक्षिणेच्या मार्गावर आलेले असतो.

या प्रश्नांची उत्तरे ज्या एका सोहळ्यात एकवटलेली आहेत, तो म्हणजे श्रींचा किरणोत्सव. त्याचा परिचय येथे करून देत आहोत. ज्यांना त्या दिवशी येणे शक्य नाही, त्यांनाही या माहितीच्या आधारे कोणत्याही दिवशीचे दर्शन अधिक डोळसपणे घेता येईल.

मूर्तीचे स्वरूप

श्रींची मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी, चतुर्भुज आणि सुमारे तीन फूट उंचीची आहे. उजवीकडील खालच्या हातात म्हाळुंग हे फळ आहे. वरच्या हातात गदा असून तिचे टोक भूमीवर टेकलेले आहे. डावीकडील वरच्या हातात ढाल, म्हणजेच खेटक, आणि खालच्या हातात पानपात्र आहे. मूर्तीच्या पाठीशी सिंह उभा आहे. मस्तकावर नाग, लिंग व योनी ही चिन्हे कोरलेली आहेत. वस्त्रालंकारांमुळे यांपैकी पुष्कळसे भाग दर्शनाच्या वेळी झाकलेले असतात, म्हणून हे वर्णन मुद्दाम दिले आहे.

दुर्गासप्तशतीला जोडून येणाऱ्या ‘प्राधानिक रहस्य’ या प्रकरणात महालक्ष्मीचे जे ध्यान सांगितले आहे, त्यात हीच चार आयुधे आणि मस्तकावरील हीच तीन चिन्हे आहेत. तेथील महालक्ष्मी ही सर्वांची आद्य प्रकृती होय. महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासूनच प्रकट होतात. मंदिरातही मधल्या गाभाऱ्यात महालक्ष्मी आणि दोन्ही बाजूंच्या गाभाऱ्यांत महाकाली व महासरस्वती अशी मांडणी आहे. देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचे शिवलिंग आहे व त्यासमोर नंदी आहे. मूर्तीच्या मस्तकावरील लिंग आणि तिच्या माथ्यावरील मजल्यातील लिंग यांचा मेळ ज्याच्या ध्यानी येईल, त्याला या वास्तूमागील शास्त्रविचार किती बारकाईचा आहे हे निराळे सांगावे लागणार नाही.

भृगु ऋषींनी विष्णूच्या वक्षस्थळी लाथ मारल्यामुळे रुष्ट झालेली लक्ष्मी करवीरास आली, अशीही एक कथा आहे. तिरुपतीच्या दर्शनानंतर करवीरला येण्याची अनेक भाविकांची प्रथा आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून देवीला येणारे महावस्त्र या कथेशी जोडले जाते. देवीला विष्णुपत्नी मानावे की आदिशक्ती, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. मूर्तीचे हात आणि मस्तक पाहिले असता आदिशक्तीचा पक्ष अधिक बळकट वाटतो. तथापि भक्ताने आपला भाव सोडण्याचे कारण नाही.

देवीचे महत्त्व किती जुने आहे याची साक्ष ताम्रपट देतात. इ. स. ८७१ च्या संजान ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याने प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून आपले बोट महालक्ष्मीस अर्पण केल्याचा उल्लेख आहे, आणि ही महालक्ष्मी करवीरचीच असे अभ्यासक मानतात. पुढे कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःला महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवून घेत. मध्ययुगातील अस्थिर काळात मूर्ती सुरक्षित स्थळी हलवून गुप्त ठेवण्यात आली होती. करवीरकर छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, तिची मंदिरात पुनःप्रतिष्ठापना झाली.

पश्चिमाभिमुख देवी

आपल्याकडील बहुसंख्य देवालये पूर्वाभिमुख असतात, म्हणजे उगवत्या सूर्याचे किरण देवाच्या मुखावर पडावेत अशी रचना असते. अंबाबाई मात्र पश्चिमेकडे पाहते. मंदिराचे मुख्य प्रवेशद्वार, म्हणजे महाद्वार, पश्चिमेस आहे. तेथून आत येताना भाविकाचे तोंड पूर्वेकडे असते आणि त्याच्या पाठीमागे मावळतीचे आकाश असते. सूर्याने देवीचे दर्शन घ्यायचे तर ते सायंकाळीच घेता येते, आणि तेही वर्षातून दोनदाच.

परंपरेनुसार हे दिवस ठरलेले आहेत. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी किरण देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागापर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखासह सर्वांग उजळते, असा पूर्वापार अनुभव सांगितला जातो. अलीकडे या तारखांच्या आगेमागे एकेक दिवसही निरीक्षण केले जाते.

जाणत्या भाविकाला येथे एक गोष्ट खटकेल. आपले सर्व सण-उत्सव तिथीवर येतात. मग हा उत्सव इंग्रजी तारखेवर कसा? तिथी चंद्राच्या गतीने मोजली जाते, त्यामुळे ती दरवर्षी तारखांत मागेपुढे सरकते. किरणोत्सवाचा चंद्राशी काही संबंध नाही. सूर्य क्षितिजावर नेमका कोठे मावळतो यावर तो अवलंबून आहे, आणि ते स्थान सौरवर्षाप्रमाणे बदलते. म्हणून तारीख स्थिर राहते व तिथी कोणतीही असू शकते.

आता दोन वेळा का, ते पाहू. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडील आपल्या शेवटच्या मर्यादेला पोहोचतो आणि तेथून उत्तरेकडे वळतो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे किरणोत्सवाचे दोन्ही काळ या वळणाच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ समान अंतरावर आहेत. दक्षिणेकडे जाताना सूर्य एका ठिकाणाहून जातो आणि परत येताना पुन्हा त्याच ठिकाणी येतो. त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तर पश्चिमेपासून सुमारे १७ ते १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची सरळ रेषा त्याच दिशेला रोखलेली आहे.

या काळात सूर्याचे मावळण्याचे स्थान रोज सुमारे पाव अंशाहून किंचित अधिक सरकते. सूर्यबिंबाची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश भरते. म्हणजे एका दिवसात सूर्य आपल्या बिंबाच्या जवळजवळ निम्म्याने बाजूला होतो. महाद्वार, मंडप आणि गाभाऱ्याची चौकट यांतून जाणारी वाट अरुंद असल्यामुळे अवघ्या काही सायंकाळीच तिच्यात सूर्य बरोबर सापडतो. ज्या स्थपतींनी दगडावर दगड रचून ही वाट आखली, त्यांना आकाशाचे किती सूक्ष्म भान असले पाहिजे!

किरणांचा प्रवास

नोव्हेंबरात कोल्हापुरात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या आसपास होतो, तर फेब्रुवारीच्या आरंभी साडेसहाच्या सुमारास. सूर्य पुरेसा खाली उतरला की किरण प्रथम महाद्वाराच्या कमानीतून आत येतात. तेथून गरुड मंडप, मग कासव, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा, गाभाऱ्यातील कटांजन अशी एकेक पायरी ओलांडत ते देवीच्या सिंहासनापाशी येतात. सूर्य जसजसा खाली जातो, तसतसे किरण अधिकाधिक आडवे होतात आणि म्हणून आत अधिक खोलवर शिरतात. चरणांना स्पर्श झाल्यावर तोच प्रकाश गुडघ्यांवर, कमरेवर, खांद्यावर असा वर चढतो. पुष्कळांना हे प्रथम ऐकताना उलटे वाटते, कारण बाहेर सूर्य उतरत असतो आणि आत प्रकाश चढत असतो.

या वेळी मंदिरातील विजेचे दिवे मालवले जातात. काळ्या पाषाणाच्या त्या अंधाऱ्या मंडपात सोनेरी प्रकाशाची एक पट्टी हळूहळू पुढे सरकते आणि उपस्थितांची कुजबुज आपोआप थांबते. हा सारा खेळ काही मिनिटांचाच असतो. मूर्तीवर किरण स्थिरावतात, विरतात आणि सूर्य दिसेनासा होतो.

वाटेतील अडथळे

काही वर्षी किरण चरणांपर्यंत येऊन परततात, तर काही वर्षी कमरेपर्यंत येऊन फिके पडतात. अशा वेळी ‘यंदा देवी रुसली’ असे उद्गार ऐकू येतात. भावनेच्या दृष्टीने ते समजण्याजोगे असले, तरी कारणे बरीचशी आपल्याच जगातील आहेत. ढग आले तर उपाय नाही. हवेत धूळ, धूर आणि आर्द्रता असेल, तर क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश वाटेतच क्षीण होतो, कारण त्या वेळी त्याला हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. तिसरे कारण मात्र निव्वळ मानवी आहे, ते म्हणजे महाद्वारासमोर पश्चिमेकडे वाढलेले शहर.

याचा हिशेब साधा आहे. किरण मूर्तीवर पोहोचतात तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम दोन-तीन अंश असतो. तेव्हा मंदिरापासून ३०० मीटर अंतरावरील इमारतीवर एकच मजला, म्हणजे ३ मीटरची उंची, वाढली, तर ती सूर्याच्या अख्ख्या बिंबाएवढे आकाश झाकते. १०० मीटरवर तर १ मीटर उंचीची पाण्याची टाकी तेवढेच काम करते. फलक, अँटेना, गच्चीवरील पत्र्याचे छप्पर, सजावटीची कमान यांपैकी कोणतीही वस्तू आपल्या जागी निरुपद्रवी असते. परंतु किरणांच्या रेषेत ती आली की शेकडो वर्षांची व्यवस्था अर्ध्यावर थांबते. महानगरपालिका आणि देवस्थान समिती यांनी या मार्गाची वेळोवेळी पाहणी करून काही अडथळे दूर केले आहेत. अभ्यासकांनी उपकरणांच्या साहाय्याने किरणांच्या तीव्रतेच्या नोंदी ठेवल्या आहेत. तरीही हे काम एकदा करून संपणारे नाही, कारण शहर दरवर्षी थोडे उंच होते.

मंदिराला वाहिलेल्या वस्तूंनी मंदिर समृद्ध होते हे खरेच आहे. करवीरच्या देवीला सुवर्णालंकार आणि रौप्यवस्तू अर्पण करणाऱ्या दात्यांची परंपरा मोठी आहे. परंतु या क्षेत्री आणखी एका प्रकारच्या दानाची गरज आहे, ज्यातून नवीन काहीच उभे राहत नाही. महाद्वाराच्या बाजूस राहणाऱ्या एखाद्या भाविकाने गच्चीवरची टाकी दहा फूट बाजूला सरकवली, दुकानदाराने त्या आठवड्यात फलक खाली उतरवला, कोणी वाढीव मजल्याचा विचार सोडून दिला, तर त्याची पावती फाटत नाही की नावाची पाटी लागत नाही. आमच्या मते त्या सायंकाळी देवीच्या मुखावर पडणाऱ्या प्रकाशात त्या दात्याचा वाटा असतोच. परगावच्या देणगीदारांनीही देणगी देताना, नवी कमान किंवा नवा मंडप यांऐवजी जुन्या वास्तूच्या जतनाचा आग्रह धरल्यास मोठे साहाय्य होईल.

मूर्तीचे जतन

किरणांची वाट मोकळी राहिली, तरी ते ज्या मूर्तीवर पडायचे तीही जपली पाहिजे. शतकानुशतके दूध, दही, मध, साखर आणि पाणी यांचे अभिषेक झाल्याने पाषाणाची झीज झाली. १९५५ साली मूर्तीस वज्रलेप करण्यात आला. पुढे मूळ मूर्तीवरील अभिषेक थांबवण्यात आले. २०१५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीचे रासायनिक संवर्धन केले, आणि २०२४ सालीही संवर्धनाचे काम करावे लागले. अशा काळात भाविकांना उत्सवमूर्तीचे दर्शन दिले जाते.

‘आमच्या आजोबांनी मूळ मूर्तीवर अभिषेक केला होता, मग आम्हाला का नाही?’ असा प्रश्न काही वयोवृद्ध भाविक विचारतात. त्यांची खंत खरी आहे. परंतु प्रत्येक अभिषेकाबरोबर दगडाचा अंश झिजत असेल, तर नातवंडांच्या वाट्याला काय उरेल याचाही विचार केला पाहिजे. उत्सवमूर्तीवर केलेल्या अभिषेकाने पूजेचे फल उणे होत नाही, कारण तिच्या ठायीही देवीचेच अधिष्ठान मानलेले आहे. गाभाऱ्यातील दमटपणा आणि उष्णता हेही पाषाणाचे शत्रू आहेत. त्यामुळे गाभाऱ्याजवळ फार वेळ थांबू नये, ही विनंती गर्दीच्या नियंत्रणासाठी असते तितकीच मूर्तीच्या हितासाठीही असते.

इतर दिवशी येणाऱ्या भाविकांसाठी

घाटी दरवाजा किंवा अन्य द्वाराने आत आलेल्या भाविकाने शक्य असल्यास दर्शनानंतर एकदा महाद्वाराकडे यावे आणि गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे. सूर्याला देवी जेथून दिसते, ती हीच जागा होय. मग मागे वळून पश्चिमेकडे नजर टाकावी. महाद्वार रस्त्यावरील घरांच्या माथ्यावर आकाशाचा जो तुकडा मोकळा दिसतो, तेवढ्यातूनच किरणांना आत यायचे आहे. हे एकदा पाहिले की वर दिलेला हिशेब वेगळा समजावून घ्यावा लागत नाही.

प्रदक्षिणा करताना बाहेरील भिंतींकडे अवश्य पाहावे. तारकाकृती कोनांमुळे भिंतीला असंख्य कडा आलेल्या आहेत आणि त्यांवर योगिनी, अप्सरा, वादक यांची शिल्पे आहेत. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर, ती सर्वांत ठळक दिसतात. मूळ मंदिर दगडी असून वरची शिखरे नंतरच्या काळातील आहेत, हा फरक साध्या डोळ्यांनाही जाणवतो. गरुड मंडप हा लाकडी भाग मूळचा एकोणिसाव्या शतकात उभारलेला.

किरणोत्सवास येणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरात सायंकाळी पाचपूर्वी आणि जानेवारी-फेब्रुवारीत साडेपाचपूर्वी मंदिरात पोहोचणे श्रेयस्कर. त्या दिवशीची प्रवेशव्यवस्था मंदिराच्या कार्यालयात आदल्या दिवशी विचारून घ्यावी, कारण ती गर्दीनुसार बदलते. महाद्वार ते गाभारा ही मधली रेषा पूर्णपणे मोकळी ठेवावयाची असते. उत्साहाच्या भरात कोणी मध्ये उभे राहिल्यास त्याच्या सावलीत मागील सर्वांचे, आणि प्रत्यक्ष देवीचेही, दर्शन अडते. लहान मुलांना खांद्यावर घेणाऱ्यांनी ही काळजी विशेष घ्यावी. मोबाईलचा दिवा लावू नये. आत जागा न मिळाल्यास बाहेरील पडद्यावर हा सोहळा दाखवण्याची सोय केलेली असते, आणि वृद्धांसाठी ती अधिक सोयीची ठरते.

पहिल्याच दिवशी येऊन किरण मुखापर्यंत पोहोचले नाहीत म्हणून निराश होऊ नये. मुक्काम शक्य असेल तर तीनही सायंकाळी यावे. आकाश निरभ्र असल्यास प्रत्येक दिवशी प्रकाशाची उंची वेगळी असल्याचे आपल्या डोळ्यांनी पाहता येते. किरण मावळल्यावर देवीची आरती होते आणि त्यानंतर नित्याची दर्शनरांग पुन्हा सुरू केली जाते.